भावजींच्या गाण्यावर लावलेला भात

फोन आला तेव्हा मी बेसन भाजत होते. बेसन भाजताना मी फोन घेत नाही, हे माझ्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना पाठ झालंय. पण जपानमधून फोन करणाऱ्या बाईला ते कुठून ठाऊक असणार... वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला, तेव्हा चडफडत गॅस बंद केला आणि उचलला. युमी होती, हिदेओभावजींची मुलगी. ती आणि मी जर्मनमध्ये बोलतो. तिला मराठी येत नाही, मला जपानी येत नाही, आणि दोघींना जोडणारी हीच एक मोडकीतोडकी भाषा तिच्या वडलांनी आमच्या गळ्यात बांधून ठेवली आहे. ती म्हणाली, "पापा गेले. पहाटेच गेले, पण कामावरच्या माणसांना आम्ही दुपारी सांगितलं. घाणा ढवळायला घेतलेला होता. मधे थांबवायचं नाही असं त्यांनीच बजावून ठेवलं होतं." अशा वेळी माणसानं काय बोलावं? माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे जाऊनसुद्धा लोकांना ताटकळत ठेवलंच का ह्यांनी?" पलीकडून हसल्याचा आवाज आला. त्याला आता दीड महिना होऊन गेला. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

हिदेओभावजी म्हणजे जपानातल्या एका बर्फाळ गावातल्या साके करणाऱ्या घरचे थोरले चिरंजीव. साके म्हणजे तांदळाची दारू. दारू हा शब्द लिहिताना आजही माझा हात जरा अडखळतो, कारण आमच्या माहेरी आणि सासरी तो शब्द फक्त दुसऱ्यांच्या घरांबद्दल बोलताना वापरायचे. आणि मी मात्र लग्नानंतरची पहिली वर्षं काढली ती एका दारूच्या भट्टीच्या माडीवर. पन्नासचं दशक संपत आलेलं. आमचे हे जर्मनीत एर्लांगेनला विजेच्या मोठ्या कंपनीत शिकाऊ इंजिनिअर होते, आणि परदेशी जोडप्याला खोली द्यायला तयार झाली ती एकटी फ्राउ केस्टलर. जुन्या गावात तिच्या सासऱ्यांपासूनची बिअरची छोटी भट्टी होती. नवरा युद्धात रशियाला गेला तो परत आला नाही, तेव्हापासून सगळा कारभार तिच्या एकटीच्या डोक्यावर. आमच्या सासूबाईंना ह्यांनी लिहिलं, "जवाच्या कारखान्याच्या वर राहतो." अक्षरशः खोटं काहीच नव्हतं त्यात, बिअर जवाचीच करतात. सासूबाई शेवटपर्यंत आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, आमची सून जवाच्या पिठाला कधी महाग नव्हती.

त्याच घरात, जिन्याच्या खालच्या खोलीत, हे हिदेओ येऊन राहिले. फ्राउ केस्टलरनं नुकतंच थंडावा राखणारं नवं मशीन बसवलं होतं आणि ते मशीन शिकायला हिदेओंच्या वडलांनी त्यांना इतक्या लांब धाडलं होतं. पहिल्याच रविवारी आमच्या ह्यांनी त्यांना जेवायला बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून शिकवलं, "ही वहिनी." झालं. त्या दिवसापासून मी वहिनी-सान, सान म्हणजे त्यांच्याकडचं 'जी'. मग मीही म्हटलं, वहिनी म्हणताय तर तुम्ही भावजी. तर हे भावजी कमरेत वाकून नमस्कार करायचे, बूट जिन्याखाली नीट जोडीनं ठेवायचे, आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायचे नाहीत. चहा घेणार का म्हटलं तर आधी जर्मनमधलं "या, या...", म्हणजे हो हो, मग मान खाली, मग मोठा श्वास, मग "बघू या". अहो, चहात काय बघायचंय? ताकाला तूर लागू न देणारी माणसं मी आमच्या नात्यात पुष्कळ बघितली होती, पण हे त्या सगळ्यांचे गुरू.

उत्तर न देण्यामागे त्यांचं एक दुखणं होतं, ते मला हळूहळू कळलं. त्यांच्या गावी दर हिवाळ्यात डोंगरातली शेतकरी माणसं साके करायला यायची. बर्फात शेती बंद, म्हणून चार महिने भट्टीवर राहायची, वसंतात घरी जायची. बाप-आजापासून तीच घराणी. विरजणाचा जो पहिला घाणा असतो, वाफवलेला भात, बुरशी चढवलेला भात आणि थंडगार पाणी, तो ही माणसं पसरट बादल्यांभोवती उभी राहून लाकडी दांड्यांनी ढवळायची, आणि ढवळताना गायची. घड्याळ नाही. गाणं संपलं की ढवळणं संपलं. आता शेजारच्या गावातल्या भट्ट्यांनी ढवळायचं मशीन आणलं, थंडाव्याचं मशीन आणलं, माणसं घरी पाठवली आणि त्या स्वस्तात साके विकायला लागल्या. वडील भावजींना दर पत्रात एकच विचारायचे. तू शिकलेला आहेस, तू सांग, मशीन घेऊन माणसांना नको म्हणू, की माणसं ठेवून भट्टीला कुलूप लागायची वाट बघू? आणि हे शिकलेले चिरंजीव तीन वर्षं उलट टपाली हवापाणी कळवत होते.

फ्राउ केस्टलरकडे ह्याचं उत्तर तयार होतं. तिच्याकडे पूर्वी हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ तोडून डोंगरातल्या दगडी तळघरात भरायला माणसं यायची. मशीन आलं, त्यांचं काम गेलं. पण त्यातले दोघं म्हातारे थंडी पडली की सवयीनं यायचेच. अंगणातल्या बाकावर टोप्या हातात घेऊन बसायचे, ती त्यांना सूप द्यायची, सूप पिऊन ते तळघराच्या दाराकडे बघत बसायचे. "मशीन गात नाही, हेर हिदेओ," ती म्हणायची, "पण दमतही नाही." भावजी तिला "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचे आणि त्या बाकाकडे बघायचे. एकदा मला म्हणाले, "वहिनी-सान, आमच्या अंगणात असं बाकडं मला बघायचं नाही." मी म्हटलं, मग तसं लिहा ना वडलांना. तर म्हणाले, "बघू या."

शेवटी त्यांनी ठरवलं, करूनच बघायचं. एक घाणा मशीनवर, एक हातानं, गाण्यावर. तांदूळ तोच, पाणी तेच. जो सरस ठरेल तसं वडलांना कळवायचं. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण निदान काहीतरी ठरलं. पण ह्या ठरवण्याची झळ सगळी माझ्या संसाराला लागणार आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तांदूळ हवा आखूड गोल दाण्याचा. तिथे दुधात शिजवायला जो तांदूळ मिळायचा तो तसा, आणि तोच आम्ही भाताला खायचो. दुकानातला सगळा भावजी उचलून घेऊन आले, आम्ही पंधरा दिवस बटाट्यावर. मग त्या भातावर बुरशी चढवायची तर त्याला ऊब पाहिजे. मी माहेरून आणलेली गोधडी, आईनं तिच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची शिवलेली, ती भावजींनी वाकून वाकून मागितली, मी नाही कशी म्हणणार? तिच्यात भात गुंडाळून भट्टीच्या चुलाण्यापाशी ठेवला. दोन दिवसांनी गोधडीला भाजलेल्या चेस्टनटसारखा गोडसर वास. वास वाईट नव्हता, मी खोटं बोलणार नाही. पण पांघरताना आपण कोणाच्या तरी विरजणात झोपलोय असं वाटायचं.

आणि मग आलं दही. त्यांच्या भट्टीचा नेम असा, की हिवाळ्यात घाणा चालू असताना तिथल्या माणसांनी आंबवलेलं सोयाबीन खायचं नाही. त्याचे जंतू हातातून घाण्यात गेले तर सगळं नासतं. एर्लांगेनमध्ये सोयाबीन कुठून येणार? पण वहिनी-सानच्या फडताळात दही होतं. ते दही लावायला मी किती खटपट केली होती... मिरचीचे देठ कुठे मिळेनात, लिंबू पिळून दूध नासवून नासवून एकदाचं विरजण जमलं होतं. भावजी दारात उभे राहिले, बूट काढले, वाकले, आणि म्हणाले, घाणे होईपर्यंत घरात दही नको. मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, हे तरी काही बोलतील. हे म्हणाले, "अगं, शास्त्रीय दृष्ट्या त्यांचं बरोबर आहे." ताकाशिवाय ज्यांचा घास उतरत नाही ते हे. म्हटलं ठीक आहे, शास्त्रीय दृष्ट्या कोरडा भात खा. भात तरी कुठे होता म्हणा.

ढवळायला जागा दिली होती धुण्याच्या खोलीत, अंगणापलीकडे, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोब्बर समोर. फ्राउ केस्टलरनं आधी सांगितलं, धुण्याचा दिवस माझा, त्या दिवशी कोणी गायचं नाही. बाकीच्या दिवशी सकाळी हे कंपनीत जायला सायकलवर बसले की समोर गाणं सुरू. भट्टीत जव ढवळायचा एक जुना, बीचच्या झाडाच्या लाकडाचा दांडा होता, ढवळायचं मशीन आल्यापासून अडगळीत पडलेला, तो भावजींनी कापून, तासून आपल्या हाताजोगा केला होता. लाकडी बादलीशी एकटेच उभे राहायचे आणि गायचे. गळा असा, की अंगणातली कबुतरं उडून जावीत. शेजारच्या खोलीत दुसऱ्या बादलीत विजेवरचं ढवळायचं मशीन आपलं घरघर करत चाललेलं. रोज एक नवा घाणा हाताचा, एक मशीनचा.

आता माझ्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. घरात एकच, ते ह्यांच्या मनगटावर. तांदूळ पुन्हा मिळायला लागला तेव्हा पहिल्या सकाळी सहज लक्षात आलं, गाणं सुरू झालं तेव्हा मी भात लावला आणि गाणं थांबलं तेव्हा भात कसा मोकळा, शितन् शीत वेगळं. म्हटलं वा, एवढा ताप सोसला, काहीतरी उपयोग झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. मग भात जरा मऊ व्हायला लागला. मग गिचका. आठवडा सरता सरता खाली लागला, पातेलं काळं. मला वाटलं स्टोव्ह बिघडला, मग वाटलं तांदूळ बदलला, मग वाटलं आपलंच लक्ष नाही.

तोवर घाण्यांचा निकाल लागला होता. मशीनचे घाणे सुरेख. हाताचे पहिले दोन बरे, पुढचे सगळे लापशीसारखे चिकट होऊन भलतेच आंबले. भावजी वर आले, बूट काढले, बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलले. म्हणाले, ठरलं. वडलांना लिहितो, मशीन घ्या, माणसांना पुढच्या हिवाळ्याला येऊ नका म्हणून सांगा. हे म्हणाले, "आल्झो, तर मग, प्रयोग म्हणजे प्रयोग." कोणी रडत नव्हतं, पण भावजी चहाच्या पेल्याकडे असं बघत होते की जणू त्या पेल्यातच ते बाकडं दिसतंय. आणि मी... मी पातेलं घासून घासून वैतागलेली. हातातलं काळं पातेलं त्यांच्यापुढे आपटलं आणि म्हटलं, "ठरलं ते बरं झालं. आता निदान ते गाणं तरी बंद होईल. तुमच्या गाण्यावर भात लावत होते मी. आधी भात नीट व्हायचा. रोज रोज लांबवत नेलंत, बघा काय झालंय."

"काय लांबवलं?" भावजींनी विचारलं.

"गाणं. पहिल्या दिवशी भात होईपर्यंत संपायचं. आता भात करपला तरी तुमची शेवटची ओळ येत नाही."

भावजींनी पातेलं हातात घेतलं. आत बघितलं, बोटानं खरवडलं, वासही घेतला, हो. मग ह्यांना म्हणाले, तुम्ही घड्याळ लावा. आणि तिथेच, माझ्या जेवणाच्या टेबलाशी, आधी नुसतं बसून गायले. मग दांडा घेऊन, पाण्याच्या बादलीत ढवळत, तेच पुन्हा पुन्हा. हे मनगटाकडे बघत होते. मग घड्याळ भावजींच्या पुढे केलं. एकटा माणूस, हात भरून येतो, श्वास पुरत नाही, गाणं ताणत जातं, आणि गाणं ताणलं की ढवळणं वाढतं, घाण्याची लापशी होते. गावी दहा-बारा माणसं एका वेळी गातात. एक दमला तर बाकीचे त्याला ओढून नेतात. हातानं केलेलं वाईट निघालं नव्हतं. एकट्यानं केलेलं निघालं होतं.

एवढं कळल्यावर कोणीही माणूस म्हणेल, चला, मिटलं. भावजी म्हणाले, "पुन्हा करून बघू या." मला वाटलं, पातेलंच घालावं ह्यांच्या डोक्यात. पण ह्या खेपेला आम्ही सगळे बादलीभोवती. मी नऊवारीचा ओचा खोचून, हे कंपनीच्या कोटात, आणि फ्राउ केस्टलर हाताची घडी घालून दारात. ती आधी म्हणाली, मी फक्त माझी खोली सांभाळायला उभी आहे. गाण्याचे शब्द आम्हाला काय कळणार, भावजींनी म्हणून दाखवले तसे म्हणायचे. ह्यांना सूर म्हणजे काय हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं, पण ठेक्यात पक्के. मी लहानपणी आईबरोबर जात्यावर बसलेली, मला दमल्यावर दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज टाकायची सवय. अर्ध्यावर भावजींचा श्वास तुटला, तशी फ्राउ केस्टलर दारातून पुढे आली, दांडा त्यांच्या हातातून काढून घेतला, "इतकं हळू काय ढवळता" म्हणाली आणि कुठल्या तरी चर्चच्या चालीत तीच ओळ दणक्यात उचलली. बाकावरचे ते दोघं म्हातारे सूप सोडून खिडकीशी येऊन उभे. त्या दिवशीचा माझा भात मात्र कोणीच लावला नाही. उपास पडला सगळ्यांना.

त्या घाण्याची पुढे रीतसर साके झाली, थोडीशी, एका बरणीत. भावजींनी आधी मला वास घ्यायला लावला. पिणाऱ्यांचं नाक मेलेलं असतं म्हणाले. मला पिकल्या केळ्याचा वास आला आणि मागून धुतल्या तांदळाचा. मग त्यांनी घोट घेतला. आम्ही बघतोय, हे बघतायत, फ्राउ केस्टलर बघतेय. मी म्हटलं, भावजी, आज जर 'बघू या' म्हणालात तर दही लावीन. तेव्हा कुठे म्हणाले, "वाईट झालीय... पण घरच्यासारखी वाईट झालीय."

वडलांना काय लिहायचं ते मग त्यांनी लिहिलं. थंडाव्याचं मशीन घ्या. पहिल्या घाण्याची माणसं राहू द्या. फ्राउ केस्टलर म्हणाली, ही कसली तोडगाबाजी, ह्यानं दोन्हीकडून मरशील. वडीलही म्हणे बरेच दिवस हेच म्हणत होते. पण साठच्या दशकात आम्ही पुण्याला परतलो तेव्हा ती भट्टी चालू होती, पुढेही चालत राहिली, आणि तिच्या अंगणात बाकडं कधी पडलं नाही. मला हे कसं ठाऊक? दर वर्षी नव्या साकेची बाटली येते म्हणून. न पिणाऱ्या बाईला. मी किती वेळा कळवलं, भावजी, पाठवू नका, पोस्टमन माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलाय. त्यांचं आपलं "या, या". मुलं म्हणतात, आई, पाहुण्यांना दे. देते. पण बूच काढून वास मी आधी घेते. केळं असतं. धुतले तांदूळ असतात. मग ठीक आहे म्हणते आणि देते.

दांडा त्यांनी जाताना माझ्याकडे ठेवला. सामानात मावत नव्हता, आणि फ्राउ केस्टलर म्हणाली होती की मला अडगळ नको. मग अडगळ आली पुण्याला. खरं सांगायचं तर उपयोगाचा आहे. बीचचं लाकूड, झिजत नाही, मोठ्या कढईत बेसन त्याच्यानंच भाजते. आणि भाजते ते त्याच गाण्यावर. शब्द अजून कळत नाहीत, पण गाणं संपलं की बेसन बदामी, इतकी वर्षं कधी चुकलं नाही. हे टेबलाशी पेपर वाचत बसायचे आणि बेसूर, पण ठेक्यात, मागून ओढायचे. ह्यांना जाऊन दुसरं वर्ष चालू आहे. युमीचा फोन आल्यानंतर मी दोनदा बेसन भाजायला घेतलं आणि दोनदा करपलं. पहिल्यांदा वाटलं गॅस मोठा राहिला. दुसऱ्यांदा वाटलं पीठ जाडं आलं. मग काळी कढई घासता घासता हात थांबला... म्हटलं बाई गं, पुन्हा तेच पातेलं.

परवा युमीला फोन केला. म्हटलं, तुमच्याकडे सकाळी माणसं ढवळायला उभी राहतील तेव्हा फोन लाव आणि नुसता बादलीशेजारी ठेवून दे. ती मला तांते, म्हणजे काकू म्हणते. आधी म्हणाली, "तांते, तुमच्याकडे तेव्हा पहाट असेल." म्हटलं असू दे, म्हाताऱ्या माणसाला पहाट काय आणि रात्र काय. काल फोन आला. मी कढई चढवून, दांडा घेऊन तयारच होते. पलीकडे आधी पावलं वाजली, कोणीतरी खाकरलं, मग सगळ्यांनी एकदम उचललं. अर्ध्यावर माझा श्वास तुटला, तर ते पुढे गेले होते, मी पळत जाऊन गाठलं. गाणं संपलं, गॅस बंद केला. बेसन बदामी. खमंग. आता ह्या वयात पहाटे उठून, गॅसवर कढई आणि कानाला फोन, लाडू वळायला लावले भावजींनी, आणि घरात खायला कोणी नाही. डबा भरून ठेवलाय, उद्या पोस्टात जाऊन गाणाऱ्यांना पाठवते.